सात नंबरची कड

ऑफिसात त्याला सगळे वर्तुळराव म्हणत. तोंडावर नुसतं ‘राव’, पाठीमागे पूर्ण. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, कारण माणूस दिवसभर दुसरं बोलायचाच काय? शहराबाहेर शेतं, खाणी आणि रस्ते यांच्या मधे जंगलाचे जे तुकडे उरले होते, त्यांचा आकार मोजणं हे त्याचं काम. तुकडा केवढा मोठा, हे कोणीही सांगेल. तो किती आटोपशीर आहे, हे वर्तुळरावानं सांगायचं.

त्याची रीत साधी होती. तुकड्याची कड मोजायची, म्हणजे सगळी भोवतालची हद्द. मग बरोबर तेवढ्याच क्षेत्रफळाचं एक वर्तुळ धरायचं आणि त्याची कड काढायची. पहिलीला दुसरीनं भागायचं. उत्तर एकच्या जवळ आलं तर तुकडा गच्च, भरलेला. दीड आलं तर जरा फाटका. दोन-अडीच आलं तर नुसत्या चिंध्या. आणि चिंध्या झालेल्या जंगलाला ‘आत’ असं काही राहतच नाही हो, जिकडेतिकडे कडच. कडेवरून ऊन शिरतं, वारा शिरतो, भटकी मांजरं शिरतात. दाट सावलीत घरटं करणाऱ्या पाखरांनी मग जायचं कुठे? कुठेच जात नाहीत, ती संपतात.

या भागाकाराचा एक नियम होता, आणि कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी दरडावून सांगायचा. काठी एकच ठेवा! लांब काठीनं कड मोजलीत तर ती बारीकसारीक वळणं ओलांडून जाते आणि कड कमी भरते. वीतभर काठी घेतलीत तर प्रत्येक झुडपाला वळसा पडतो आणि तीच कड कितीतरी जास्त भरते. जंगल तेच, कड तीच, आकडे दोन. म्हणून एक तुकडा फोटोवरून मोजला की सगळे फोटोवरूनच मोजायचे. एक चालून मोजला की सगळे चालून. ज्यानं दोन काठ्यांचे आकडे एका तक्त्यात घातले, त्याला वर्तुळराव नुसता बोलायचा नाही, त्याची अक्षरशः पिसं काढायचा.

तर असा हा नियमाचा पक्का माणूस. आणि त्याला जळायचं व्यसन लागलं.

त्याची बायको त्याच ऑफिसात होती. ती जमिनीवरची पाहणी करायची. हातात उपग्रहावरून जागा टिपणारं छोटं यंत्र घेऊन तुकड्याच्या कडेकडेनं चालायचं आणि यंत्रानं मागे तिच्या चालीची रेघ उमटवत जायची. पूर्वी दोघं मिळून चालत. लग्नसुद्धा त्यातूनच जमलं होतं. दोघं एकदा काटेरी कुंपणात अडकले, आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना, तेव्हाच याचा निकाल लागला. मग खाणीच्या उतारावर त्याचा पाय घसरला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खडबडीत जमीन कायमची बंद केली. वर्तुळराव खुर्चीत आला. उपग्रहाचे फोटो, संगणक, पाठीमागे उशी. आणि तिच्याबरोबर चालायला कोण? तर नवीन आलेला पाखरवाला.

पाखरवाला म्हणजे पक्ष्यांची गणती करणारा. उंच, सावकाश बोलणारा, आणि दोन्ही गुडघे शाबूत. माणूस वाईट होता का? छे. हाच तर घोळ होता. वाईट असता तर वर्तुळरावाला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण हा रावांसाठी खुर्ची पुढे ओढायचा, स्वतःच्या डब्यातलं आधी त्यांना वाढायचा. असल्या माणसावर जळणं म्हणजे काय हाल असतात, ते जळणाऱ्यालाच विचारा.

वर्तुळरावाचं लक्ष कुठल्या बारीक गोष्टींवर असायचं बघा. पाखरवाला आला तेव्हा सगळ्यांसारखा तिला ‘वहिनी’ म्हणायचा. महिन्याभरात ‘वहिनी’ गेली, ‘तुम्ही’ राहिलं. पावसाळा संपता संपता ‘तुम्ही’ पण गेलं. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तो सहज म्हणाला, “अगं, मीठ दे जरा इकडे.” तिनं दिलं. टेबलावर कोणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्तुळरावाला मात्र तो ‘अगं’ संध्याकाळपर्यंत पुरला.

“तुला तो अगं-तुगं करतो,” घरी तो म्हणाला.

“मग काय अहो-जाहो करेल? दिवसभर चिखलात बरोबर असतो आम्ही,” ती म्हणाली.

“नाही, मला काय. मी आपलं सांगितलं.”

“सांगितलंस ना? झालं,” ती म्हणाली आणि बुटांचा चिखल काढायला लागली.

आईच्या नजरेतून काही सुटत नसे. वर्तुळरावाची आई त्यांच्याबरोबरच राहायची, दिवाणखान्यातल्या खिडकीशी तिची खुर्ची, शेजारी औषधांचा डबा. सून आत गेल्यावर ती त्याला म्हणाली, “कावीळ झाल्यावर माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. तुझं उलटं आहे. तुला आधी पिवळं दिसतं आणि मग कावीळ होते.”

“आई, तू यात पडू नकोस.”

“मी कशाला पडू? पडायचं ते तूच पडलायस,” ती म्हणाली, आणि गोळी तोंडात टाकली.

खरं सांगायचं तर त्याला तिच्यावर संशय नव्हता. असा संशय, की काही वावगं घडलंय. नव्हता. त्याला जे खुपत होतं त्याला नाव देणं कठीण होतं. ती घरी यायची ती उन्हानं रापून, केसात काटक्या, आणि चेहऱ्यावर एक असं समाधान घेऊन की जे पूर्वी दोघांचं असायचं. आता त्यातलं अर्धं दुसऱ्याच्या घरी जात होतं. याला फक्त ऐकायला मिळायचं. “आज ओढ्यापाशी काय दिसलं माहितीये?” असं ती सुरू करायची, आणि हा हिशेब मांडायचा, की आधी कोणाला दाखवलं असेल तिनं ते?

अशात छावणीची बातमी आली.

एकूण नऊ तुकडे होते. त्यातल्या सगळ्यात आटोपशीर तुकड्यात ऑफिसची छावणी पडणार होती, वर्षभरासाठी, दोन माणसांची. घरट्यांवर रोज नजर ठेवायची, तिथेच तंबूत राहायचं. मागच्या मोजणीत सात नंबर पहिला होता, एक पूर्णांक तीन दशांश. आणि सात नंबर कुठे? सगळ्यात लांब, नदीपलीकडे, जीपनं जायचं तर सकाळ मोडते. त्याच्या खालोखाल तीन नंबर, तो शहराला चिकटून, बसनं जाऊन संध्याकाळी घरी परत यावं असा. मोठ्या बाई, म्हणजे ऑफिसच्या प्रमुख, यांनी दोन माणसं मनात धरली होती. एक अर्थातच पाखरवाला. दुसरी वर्तुळरावाची बायको. नव्या मोजणीवर सोमवारी बैठक होती आणि त्याच्या आत तिनं काय ते कळवायचं होतं.

तिनं घरी येऊन हे सरळ सांगितलं. सांगून ती त्याच्याकडे बघत राहिली.

आता इथे शहाण्या माणसानं काय करावं? विचारावं. ‘जातेस का?’ दोन शब्द. किंवा सांगावं, ‘जाऊ नकोस, मला नाही करमणार.’ पण नाही! वर्तुळराव म्हणाला, “छान आहे. संधी चांगली आहे.” आणि पेपर उघडून बसला. पेपर सकाळीच वाचून झाला होता. ती थोडा वेळ थांबली, मग स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ना त्यानं विषय काढला ना तिनं. मूग गिळून बसायची दोघांची स्पर्धा लागली.

गुरुवारी तिच्या यंत्रातली रेघ त्याच्या संगणकावर आली. सात नंबरची. पाखरं बघता बघता दोघं कडेनं पूर्ण फिरून आले होते, आणि दोघांच्या हातात एकेक यंत्र, म्हणून रेघाही दोन. एक निळी, एक तांबडी. वर्तुळरावानं त्या फोटोवर ठेवल्या आणि लांबी दोनदा तपासली. फोटोवरून सात नंबरची कड साडेचार किलोमीटर होती. ही चाललेली कड सव्वासहा भरत होती.

हे पावणेदोन किलोमीटर कुठले?

अहो, कुठले काय कुठले! तुमच्या-आमच्यासारख्याला आता माहीत झालंय. फोटोची काठी लांब, पायाची काठी आखूड. पायांनी चाललं की प्रत्येक घळ, प्रत्येक झुडूप, प्रत्येक पडलेलं झाड कड वाढवतं. सव्वासहा नाही भरायची तर काय होणार? हे ज्यानं जन्मभर इतरांना शिकवलं, त्याच माणसाला तिथे बसल्या बसल्या वाटलं, की हे दोघं भटकत होते. कामाच्या नावाखाली भटकत होते. निळी रेघ जिथे वळली तिथे तांबडी वळलेली. निळी थांबली तिथे तांबडी थांबलेली. मन चिंती ते वैरी न चिंती, ते काही खोटं नाही.

आणि मग त्याला तो खिसा दिसला. तुकड्याच्या नदीकडच्या बाजूला दोन्ही रेघा कड सोडून सरळ आत गेल्या होत्या, चांगल्या दोनशे मीटर. आत एका ठिकाणी दोघींचा मिळून एक गुंता झाला होता. यंत्र एका जागी बराच वेळ बसलं की रेघेचा असा गुंता होतो. तिथल्या तिथे ती थरथरत राहते. मग दोन्ही परत बाहेर. कड मोजायला निघालेल्या माणसांना आत जायचं कारण काय? आणि बसायचं? त्यानं तो गुंता मोठा केला, आणखी मोठा केला, पडदाभर केला. निळं आणि तांबडं इतकं मिसळलं होतं की कुठलं कोणाचं ते कळेना. त्यानं चहा मागवला आणि तो निवून गेला तरी प्यायला नाही.

घरी त्यानं विचारलं, “सात नंबर कसा झाला?”

“मस्त,” ती म्हणाली.

“वेळ लागला?”

“लागला जरा.”

“का?”

ती क्षणभर थांबली. तेवढं थांबणं त्याला पुरलं. “झाडी फार आहे रे,” ती म्हणाली. झालं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चांदणं संशय घेणाऱ्याच्याच मनात लख्ख पडलं होतं.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. वर्तुळराव तक्ता पुरा करायचा आहे म्हणून एकटाच जाऊन बसला. आठ तुकड्यांच्या कडा फोटोवरून काढलेल्या होत्या, सगळं जिथल्या तिथे. सात नंबरच्या घरात फोटोवरची साडेचार भरायची, की काम संपलं. त्यानं साडेचारऐवजी सव्वासहा भरली.

नियम विसरला असं म्हणावं का? म्हणणाऱ्यानं म्हणावं. मी नाही म्हणणार. नियम त्याला आठवला, चांगला आठवला, पण त्यानं त्याला दारातच उभा केला, आत घेतला नाही. मनाला काय समजावलं? की चाललेली कड जास्त खरी. फोटो काय, वरवरचा. जमिनीवर पाय ठेवून मोजलेलं ते खरं. हे समजावताना त्याचे कान तापले होते, आणि कान काही उगाच तापत नाहीत. भागाकार झाला: एक पूर्णांक आठ दशांश. सात नंबर पहिल्या जागेवरून घसरला तो थेट खालून दुसरा. वर आला तीन नंबर. बसनं जायचं, बसनं यायचं, संध्याकाळी घरी.

घरी जाताना त्यानं केळी घेतली. बायकोला आवडतात म्हणून. इतका त्याचा जीव हलका झाला होता.

सोमवारी बैठकीत मोठ्या बाईंनी तक्ता भिंतीवर लावला आणि चष्मा वर-खाली केला. “हे काय? सात नंबर खाली?”

“अशक्य,” पाखरवाला म्हणाला. आवाज चढवला नाही, पण खुर्चीत सरळ बसला. “बाई, मी त्या तुकड्यात आत गेलोय. भर दुपारी अंधार असतो. कडेवरचं एकही पाखरू आत दिसत नाही. असा तुकडा फाटका असेलच कसा?”

“पाखरं बघून आकार कळत नाही,” वर्तुळराव म्हणाला. “आकार मोजावा लागतो.”

“मागच्या खेपेला तुम्हीच मोजला होता, राव. एक पूर्णांक तीन.”

“मागच्या खेपेला फोटोवरून. ही जमिनीवरची कड आहे. चालून मोजलेली. तुम्हीच चाललात ना? मग तुमचाच आकडा तुम्हाला नको?” हे म्हणताना त्यानं पाखरवाल्याकडे असं बघितलं, की टेबलावरचे दोघं-तिघं उगाच कागद सारखे करायला लागले.

मोठ्या बाईंचं लक्ष भिंतीकडे होतं. “बाकीच्या आठांचीही चालून मोजली?” त्यांनी विचारलं.

साधा प्रश्न. वर्तुळराव तोच प्रश्न आयुष्यभर इतरांना विचारत आला होता. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही, पण ती त्याच्याकडे बघते आहे हे त्याला मानेवर जाणवत होतं. आणि तिला कळलं. तेव्हाच, तिथेच, सगळं कळलं. सात नंबर का घसरला, तीन का वर आला, शनिवारी हा एकटा का गेला, केळी कशाची.

“माझी चूक आहे, बाई,” ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“चालीची रेघ मी याच्या फाइलींत टाकली आणि वर काही लिहिलंच नाही. याला वाटलं असणार की मी कड सुधारून दिली आहे. फोटोचीच धरायला हवी.” टेबलावर नजर ठेवून ती एका दमात बोलली.

कोणालाही शंका आली नाही. येणार कशी? वर्तुळराव जाणूनबुजून दोन काठ्या एकत्र करेल, हे त्या खोलीत कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मोठ्या बाई उलट खूश झाल्या. “घ्या! राव, तुमचाच नियम तुमच्यावरच उलटला की,” त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. वर्तुळरावही हसला. तसलं हसणं देव वैऱ्यालाही न देवो. आकडा तिथल्या तिथे बदलला गेला, एक पूर्णांक तीन, आणि सात नंबर परत वर जाऊन बसला.

“म्हणजे छावणी सातवरच,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता दुसरं माणूस शोधायला हवं. वहिनी तर शुक्रवारीच मला नको म्हणून गेल्या.”

वर्तुळरावाला आधी वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. शुक्रवारी. म्हणजे त्यानं तक्त्यात बोट घालायच्या आधी. ती जाणारच नव्हती. ती शुक्रवारीच नाही म्हणून मोकळी झाली होती, आणि हा शनिवारी बसून जंगलाला चिंध्या करत होता.

“बाई,” त्याची बायको म्हणाली, “ते नको मी परत घेते. मी जाते.”

“नक्की? शुक्रवारी तर तुम्ही ठाम होतात.”

“शुक्रवारी होते.”

पाखरवाल्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग वर्तुळरावाकडे, आणि मग बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्यासुद्धा काहीतरी ध्यानात आलं असावं.

दुपारी दोघं चालत घरी आले. ती पुढे, हा मागे. त्याच्या गुडघ्यासाठी ती नेहमी सावकाश चालायची. आजही सावकाशच चालत होती, आणि याला तेच जास्त लागलं. घरी आल्यावर आईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि “मी जरा पडते,” म्हणून स्वतःच्या खोलीत गेली. दुपारची झोप ही बाई कधी घेत नसे.

बायकोनं कपाटावरची मोठी पिशवी काढली आणि पलंगावर ठेवली. तो दाराशी उभा राहिला.

“चूक तुझी म्हणून कशाला सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“मग काय सांगायचं होतं? माझा नवरा जळतो म्हणून जंगलाचा आकार बदलतो?”

त्याला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. “शुक्रवारी नाही म्हणालीस तर मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारशील म्हणून थांबले होते. सबंध आठवडा थांबले. एकदा तरी विचारशील, जातेस का म्हणून. तू पेपर वाचत होतास.” तिनं दोन सदरे घडी करून पिशवीत ठेवले. “एकदा विचारलं असतंस ना, तर गळ्यात पडून सांगितलं असतं.”

“मी चुकलो.”

“हो, चुकलास.”

तो आत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला. गुडघा ठणकत होता. आता तरी गप्प बसावं की नाही? पण जीभ कुठली ऐकते! “तुम्ही आत गेला होतात,” तो म्हणाला. “नदीच्या बाजूनं. दोनशे मीटर आत. बसला होतात.”

तिचे हात थांबले. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही, नुसती दमल्यासारखी दिसली.

“हो, गेलो होतो. मोजलंस तू ते? मोजलंच असशील. तिथे एक मोठा सपाट दगड आहे. त्याच्यावर बसलो, आणि बराच वेळ बसलो. तो विचारत होता, चल ना, एवढी चांगली संधी, का नाही येत म्हणतेस. मी आधी सांगितलं, याचा गुडघा, आईंची औषधं. त्याला ते पटलं नाही, म्हणाला त्याची सोय करता येते. मग खरं काय ते सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“की ह्याच्याशिवाय मला करमणार नाही.”

वर्तुळरावानं मान खाली घातली. तो म्हणाला, “मग आता कशाला जातेस? राहा ना. मी परत कधी असं... राहा.”

“राहिले तर काय होईल सांगू? रोज संध्याकाळी मी घरी येणार आणि तू बघणार, किती लांब गेली, कुठे थांबली, किती वेळ थांबली. बोलणार काही नाहीस. नुसता बघणार. आणि एक दिवस मला तुझा राग यायला लागेल. अजून आलेला नाही. तो यायच्या आत मी जाते.”

“आणि करमेल तुला?”

“नाही करमणार,” ती म्हणाली. “सांगितलं ना, नाही करमणार म्हणून.” तिनं डोळे पुसले, पिशवीची चेन ओढली, आणि आईंच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून उठून गेली.

तो तिथेच बसून राहिला. बायको वर्षभरासाठी चालली होती, स्वतःच्याच हातानं त्यानं तिला घालवली होती, आणि ते त्याला पुरतं कळत होतं. तरी त्याच्या मनात पहिलं काय आलं असेल? काय सांगायचं या माणसाला! पहिलं हेच आलं, की ते वाक्य तिनं आधी पाखरवाल्याला ऐकवलं.